पाच मॅचचा सीझन : ओहायो स्टेट २०२०

स्कार्लेट_ग्रे

बरेच महिने हा धागा काढायचा मनात होतं, आज बसलेच लिहायला. गेल्या रविवारी एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला (अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात धरून पळतात तो) आणि एकजण अगदी सहज म्हणून गेले की २०२० चा सीझन धरायचाच नाही, ओहायो स्टेट पाच मॅच खेळून वरच्या फेरीत गेली, त्याला काय सीझन म्हणायचं. मला तिथे धड बोलता आलं नाही, राग आला की माझं असंच होतं, शब्द नंतर घरी येऊन सुचतात. म्हणून इथे लिहिते.

मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून कोलंबसला, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत, मास्टर्सला आले. घर लेन अव्हेन्यूजवळ, स्टेडियम चालत दहा मिनिटांवर. पहिल्याच मॅचच्या शनिवारी सकाळी सातला खिडकीखाली गलका, बघते तर लाल कपड्यातली माणसं पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून बसलीयेत, आजीआजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत. मला वाटलं जत्रा आहे कसली तरी. एक लाखाच्या वर माणूस बसतो तिथे, घोड्याच्या नालाचा आकार म्हणून सगळे त्याला नुसतं 'शू' म्हणतात, १९२२ पासून उभं आहे. रस्त्यात अनोळखी माणूस 'ओ-एच' असं ओरडला की आपण 'आय-ओ' असं उत्तर द्यायचं. नव्या देशात महिनाभर कोणी आपणहून बोललं नव्हतं माझ्याशी, त्या एका ओरडण्याने मी त्या गावची झाले असं वाटलं, खरंच सांगते.

त्या वर्षी टीम एकही मॅच न हरता सेमीफायनलला गेली आणि २८ डिसेंबरला क्लेमसनकडून २९-२३ ने हरली. त्यामुळे २०२० ची वाट सगळं गाव बघत होतं. आणि मार्च उजाडला. स्प्रिंग प्रॅक्टिसचे जेमतेम तीन दिवस झाले आणि सगळं बंद. जूनमध्ये मुलं परत आली तेव्हा धोका मान्य आहे अशा अर्थाच्या कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. ८ जुलैला टेस्ट पॉझिटिव्ह आल्या म्हणून सराव परत थांबला.

तो जुलैचा आठवडा मला तारखेवार पाठ आहे, कारण ६ जुलैला इथल्या सरकारने जाहीर केलं होतं की ज्या परदेशी विद्यार्थ्यांचे सगळे क्लास ऑनलाइन आहेत त्यांनी देश सोडायचा. आठ दिवसांनी, १४ जुलैला ते मागे घेतलं, पण ते आठ दिवस मी आणि माझी नागपूरची रूममेट बॅगा बघत बसायचो नुसत्या. कॅम्पस रिकामा, लॅब बंद, घरी जायला विमान नाही, इथे राहायची खात्री नाही. आणि टीव्हीवर ही विशीतली पोरं, त्यांना पण कोणी सांगत नव्हतं की पुढच्या महिन्यात काय आहे. मी फॅन तेव्हा झाले. २०१९ मध्ये मी फक्त गर्दीत होते.

११ ऑगस्टला बिग टेनने (आमची कॉन्फरन्स, म्हणजे आम्ही खेळतो ती कॉलेजांची लीग) सीझन पुढे ढकलला. फॉलमध्ये (सप्टेंबर ते डिसेंबर) नाही, जमलं तर स्प्रिंगमध्ये बघू. त्याच दिवशी पश्चिमेकडच्या पॅक-१२ ने पण तेच केलं. पण दक्षिणेकडच्या कॉन्फरन्स (एसईसी, एसीसी आणि बिग १२) खेळायचं म्हणत राहिल्या. एकच व्हायरस, एकच खेळ, आणि राज्याची हद्द ओलांडली की निर्णय वेगळा. पाच दिवसांनी आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जस्टिन फील्ड्सने ऑनलाइन अर्ज काढला की आम्हाला खेळू द्या, एका दिवसात दोन लाखांच्या वर सह्या. खेळाडूंचे आईबाप बिग टेनच्या शिकागोजवळच्या ऑफिसबाहेर जाऊन उभे राहिले. नेब्रास्काचे आठ खेळाडू कोर्टात गेले आणि त्यातून बाहेर आलं की मतदान ११ विरुद्ध ३ झालं होतं. शेवटी १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला आणि २४ ऑक्टोबरला पहिली मॅच.

आता इथे नीट लक्ष द्या, सगळी मेख इथे आहे. आठ आठवड्यांत आठ मॅच आणि लगेच १९ डिसेंबरला कॉन्फरन्सची फायनल. मध्ये एकही रिकामा शनिवार नाही. एसईसीने महिनाभर आधी सुरू केलं होतं, त्यांची मॅच रद्द झाली तरी पुढे सरकवायला जागा होती. आमची रद्द झाली की गेली.

आमच्या तीन गेल्या. १४ नोव्हेंबरची मेरीलँडची, त्यांच्याकडे साथ पसरली म्हणून. २८ ची इलिनॉयची, आमच्याकडे पसरली म्हणून, आपला हेडकोच रायन डे स्वतः पॉझिटिव्ह. आणि १२ डिसेंबरची मिशिगनची. १४ नोव्हेंबरला आपलं लक्ष्मीपूजन होतं. आम्ही ठरवलं होतं की दुपारी मॅच बघत चकल्या तळायच्या आणि संध्याकाळी पूजा. मॅच नाही, चकल्या तळल्या, टीव्ही बंद.

म्हणजे झाल्या पाच. नेब्रास्का ५२-१७, पेन स्टेट ३८-२५, रटगर्स ४९-२७, इंडियाना ४२-३५, मिशिगन स्टेट ५२-१२. पाचही जिंकल्या. यात त्या मुलांची चूक काय आहे ते मला कोणीतरी सांगा.

भेळपुरी

मस्त लिहिलंयस ग. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही तरी शेवटपर्यंत वाचलं. दोन शंका. एक म्हणजे साधारण किती मॅच असतात? आणि पाच खेळून वर गेली यात लोकांचा आक्षेप नेमका काय आहे?

स्कार्लेट_ग्रे

एरवी १२ असतात, मग कॉन्फरन्स फायनल, मग प्लेऑफ. तेव्हा प्लेऑफला देशातून चारच टीम घ्यायचे आणि त्या एक समिती निवडायची, आपल्यासारखे पॉइंट मोजून नाही. त्यामुळे कोण किती खेळलंय याला महत्त्व.

आक्षेप असा. बिग टेनचा नियम होता की फायनल खेळायला किमान सहा मॅच झालेल्या हव्यात. मिशिगनची रद्द झाली ८ डिसेंबरला, आमच्या पाचच राहिल्या. दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला, कॉन्फरन्सने तो नियमच काढून टाकला. लोक म्हणतात मोठ्या टीमसाठी नियम वाकवला. पण त्यांनी कारण दिलं ते बघा: इंडियाना दुसऱ्या नंबरवर होती आणि तिला आम्ही समोरासमोर हरवलेलं होतं, म्हणजे मिशिगनशी हरलो असतो तरी गटात पहिले आम्हीच आलो असतो. मग रद्द झालेल्या मॅचची शिक्षा कोणाला द्यायची?

अॅन_आर्बरकर

धागा वाचला आणि राहवलं नाही. मी पलीकडचा, तुमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा, म्हणजे मिशिगनचा, २०१८ ते २०२२ तिथे अॅन आर्बरला होतो.

कारण बरोबर होतं हे मान्य, पण नियम सीझनच्या आधी केला होता ना, तेव्हाच माहीत होतं की मॅच रद्द होणार. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचा नसतो, गल्लीत क्रिकेट खेळताना पण आपण हे पाळायचो. इंडियाना त्या वर्षी सहा जिंकून एक हरली होती, त्यांच्यासाठी असं वर्ष किती दशकांनी आलं होतं. ती पोरं पण विशीतलीच होती. ओहायो स्टेटच्या जागी इंडियाना पाच मॅचवर अडकली असती तर एका दिवसात नियम बदलला असता का, याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

आणि एक गोष्ट मला आजही लागते. आमचा सीझन वाईट चालला होता, दोन जिंकलेल्या चार हरलेल्या, त्यामुळे मॅच रद्द झाल्यावर सगळीकडे हेच, की मार खायला नको म्हणून घाबरून पळाले. टीव्हीवरच्या एका समालोचकाने तर आठवडाभर आधीच तसं सुचवलं होतं, नंतर माफी मागितली त्याने. इथे डझनावारी मुलं खोलीत बंद होती. माझ्या बिल्डिंगमध्ये टीमशी काही संबंध नसलेली चारजणं आजारी होती, आम्ही दारात सूप ठेवून यायचो. आजारी माणसाला भित्रा म्हणणं मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आताही होत नाही.

स्कार्लेट_ग्रे

@अॅन_आर्बरकर, इंडियानाबद्दल तुम्ही म्हणता ते पटतंय. त्यांच्या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. पळाले असं मी कधी म्हटलं नाही, पण म्हणणाऱ्यांना गप्पही केलं नाही, तेवढं माझं चुकलं.

हृदयस्थ

मी हृदयरोग विभागात काम करतो, नाशिकला. खेळातलं फार कळत नाही पण या सीझनचा आमच्या क्षेत्राशी जवळचा संबंध आहे म्हणून लिहितो.

ऑगस्टमध्ये सीझन थांबवला त्यामागे मायोकार्डायटिसची मोठी भीती होती. हृदयाच्या स्नायूला सूज. कुठल्याही व्हायरसनंतर होऊ शकते, आणि अशा अवस्थेत जोरात व्यायाम केला तर ठोक्यांची लय बिघडून जीव जाऊ शकतो, तरुण खेळाडूंमध्ये अचानक मृत्यूचं हे एक जुनं माहीत असलेलं कारण आहे. तेव्हा कोविडमध्ये हे प्रमाण किती हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेटच्याच डॉक्टरांचा एक अभ्यास आला, २६ खेळाडूंचे कार्डियाक एमआरआय, त्यात चौघांमध्ये मायोकार्डायटिससारख्या खुणा. २६ मध्ये ४ म्हणजे पंधरा टक्के, आकडा बघून आम्ही सगळेच हादरलो होतो.

मग बिग टेनने परत सुरू करताना अट घातली की रोज टेस्ट, आणि जो पॉझिटिव्ह येईल त्याने किमान २१ दिवस मॅच खेळायची नाही, आणि परतण्याआधी रक्त, ईसीजी, एको, एमआरआय सगळं. त्यातून जो डेटा जमला तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला: १,५९७ खेळाडू, त्यात ३७ जणांना मायोकार्डायटिस, म्हणजे २.३ टक्के. आणि त्या ३७ पैकी बहुतेकांना त्रास काहीच जाणवत नव्हता, नुसती लक्षणं विचारून ते सापडलेच नसते. म्हणजे पंधराची भीती खूप मोठी ठरली, पण शून्य पण नव्हतं. ३७ पोरं मैदानात तशीच उतरली असती याचा विचार करा.

मी तेव्हा कोविड वॉर्डात होतो, ड्युटी संपल्यावर असले पेपर वाचायचो. त्या मुलांच्या हृदयाचे एमआरआय जगभरच्या डॉक्टरांच्या कामाला आले. पाच मॅच की बारा हे तुम्ही ठरवा, माझ्या लेखी त्या सीझनचं मोल आहे.

भेळपुरी

बाप रे. २१ दिवस म्हणजे आठ आठवड्यांच्या सीझनमधल्या तीन मॅच गेल्या की. डॉक्टर, धन्यवाद, हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

हिशेबनीस

सगळ्यांचं म्हणणं वाचलं. पण मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये, सीझन खेळवला कशासाठी? टीव्हीच्या पैशासाठी. क्लास ऑनलाइन, हॉस्टेल अर्धी रिकामी, बाकीच्या विद्यार्थ्यांना सांगताय घरी बसा, आणि फुटबॉलवाल्यांना रोज नाकात काडी घालून मैदानात. आणि त्यांना तेव्हा पगार शून्य. कोचला लाखो डॉलर, मुलाला स्कॉलरशिप आणि जेवण. कागदावर सही पण त्याचीच. आयव्ही लीगने (हार्वर्ड, येल वगैरे) ८ जुलैलाच फॉल सीझन रद्द केला आणि शेवटपर्यंत खेळवला नाही, कारण त्यांच्या संस्था फुटबॉलच्या पैशावर चालत नाहीत. तरुण मुलं खेळू द्या म्हणणारच, त्यांचं वयच तसं असतं, म्हणून नाही म्हणायची जबाबदारी मोठ्यांची असते.

स्कार्लेट_ग्रे

@हिशेबनीस, पैशाचं तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि मला ते झोंबतं पण. स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून चार पैसे कमवायची परवानगी या मुलांना मिळाली १ जुलै २०२१ ला. म्हणजे हा सीझन खेळून झाल्यावर सहा महिन्यांनी. रिकाम्या स्टेडियममध्ये, रोज टेस्ट देऊन खेळलेली ही बॅच त्या जुन्या नियमाखालची शेवटची बॅच होती.

पण तुम्ही म्हणता मुलांना कळत नव्हतं, ते मला नाही पटत. शॉन वेड आणि वायट डेव्हिस, दोघं कॅप्टन, सप्टेंबरमध्ये सीझन सोडून एनएफएलच्या (प्रोफेशनल लीगच्या) तयारीला लागले होते, आणि मॅच होणार कळल्यावर दोघं परत आले. त्यांचं करिअर पुढे होतं, गुडघा गेला असता तर सगळं गेलं असतं, कोणी धरून आणलं नव्हतं त्यांना. आणि तो जोनाथन कूपर. कोलंबसच्या बाजूच्या गहॅनाचा, लहानपणापासून याच टीमचा. २०१९ मध्ये त्याचा घोटा दुखावला होता म्हणून पाचव्या वर्षी थांबला, २०२० मध्ये त्याला शून्य नंबरची जर्सी दिली, 'ब्लॉक ओ', ओहायोचा ओ. हा मान टीममध्ये पहिल्यांदाच कोणाला मिळाला होता. एवढं सगळं करून थांबलेल्या मुलाला ऑगस्टमध्ये सांगतात की आता खेळ नाही. त्याच्या जागी मी असते तर मी पण सही केली असती.

आणि एक. २१ नोव्हेंबरला इंडियानाची मॅच झाली आमच्याकडे, भयंकर मॅच, एकदा तर आम्ही २८ पॉइंटने पुढे होतो आणि शेवटी ४२-३५, तोंडाला फेस आणला त्यांनी. ती घरची शेवटची मॅच ठरली. कोणालाच माहीत नव्हतं. मिशिगनची १२ डिसेंबरची घरीच होती ना, सगळ्यांनी निरोप त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सीझनभर आत फक्त घरच्या लोकांना परवानगी, बाकी खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं. बँड नाही, म्हणजे ते 'स्क्रिप्ट ओहायो' नाही, बँडची मुलं वळणावळणाने चालत मैदानावर ओहायो हा शब्द लिहितात आणि शेवटी एक मुलगा ऐटीत पावलं टाकत जाऊन आयवरचा टिंब होतो, एक लाख लोक त्या टिंबासाठी उभे राहतात. तेही नाही. मी त्या संध्याकाळी स्टेडियमच्या बाहेरून चालत गेले होते, दिवे चालू होते आतले. आत पाच वर्षं घालवलेल्या मुलांची शेवटची मॅच होऊन गेली होती आणि मी पिशवीत दूध घेऊन चालले होते.

रंकाळा_काठ

आमच्यात फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, त्यामुळं तुमचा खेळ वेगळा, पण ही शेवटची मॅच कळलीच नाही हे वाचून काळजात चर्र झालं बघा. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमीच्या टीमा, शाहू स्टेडियमला मॅच असली की दुपारी दुकानं अर्धी बंद, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली तर बोलायलाच नको. २०२० च्या मार्चात लॉकडाऊन लागला आणि सगळं हाय तिथं थांबलं. माझा चुलतभाऊ खेळायचा तेव्हा. आता पुढच्या महिन्यात चालू हुईल, दिवाळीनंतर हुईल, असं करत करत वर्ष गेलं. त्या वर्षात चुलते गेले, भाऊ दुकानात बसला. परत सीझन सुरू झाला तवा गेलाच न्हाई, बूट अजून माळ्यावर हाईत. त्याला कोणी विचारलं तर सांगतो गुडघा दुखतोय. गुडघ्याला काय बी झालेलं न्हाई त्याच्या.

तुमच्या पोरांना पाच तरी मिळाल्या. त्या पाचाला कोण कमी म्हणत असंल तर माझ्याकडं पाठवा.

स्कार्लेट_ग्रे

@रंकाळा_काठ, काय लिहू कळत नाहीये. तुमच्या भावाला नमस्कार सांगा.

फातोर्डा

गोंयहून लिहितोय. २०२०-२१ ची आयएसएल आमच्याकडेच झाली अख्खी, २० नोव्हेंबर ते १३ मार्च, ११ टीम आणि तीनच मैदानं: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. प्रेक्षक नाहीत. माझ्या घरापासून फातोर्डाचे लाइट दिसतात, गोल झाला तरी बाहेर आवाज नाही, ते दिवस विसरणार नाही. फायनलला नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला आणि मुंबई सिटी मोहन बागानला २-१ ने हरवून जिंकली, आणि आम्ही बाल्कनीत उभं राहून मोबाईलवर बघतोय मैदान समोर असून.

पण फरक सांगतो. ते सगळे प्रोफेशनल, टीमच्या टीमा हॉटेलात बंद, कोणाशी संपर्क नाही. कॉलेजच्या मुलांना असं बंद कसं करणार? ती विद्यार्थी आहेत, त्यांना रूममेट आहेत, किराणा आणायला जायचंय. म्हणून त्यांच्या मॅच गेल्या आणि इथे लीग पूर्ण झाली. त्याच वर्षी रणजी पण झाली नाही बघा, १९३४ ला सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. सगळ्या राज्यांच्या टीमना महिनोन् महिने बबलमध्ये ठेवणं जमलं नाही.

बटाटेवडा_डॅलस

वाचतोय. यात व्हँडरबिल्टची गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून मी सांगतो. २८ नोव्हेंबर २०२०, म्हणजे तुमची इलिनॉयची रद्द झाली त्याच दिवशी, व्हँडरबिल्टचे किक मारणारे सगळे क्वारंटाइनमध्ये. मग त्यांनी मुलींच्या सॉकर टीमच्या गोलकीपरला बोलावलं, सेरा फुलर. तिची टीम आठवडाभर आधीच त्यांच्या कॉन्फरन्सची चॅम्पियन झाली होती. मिझुरीविरुद्ध तिने किक मारली आणि तेव्हाच्या मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी कुठल्याही फुटबॉल मॅचमध्ये उतरलेली ती पहिली बाई ठरली. दोन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध पॉइंट पण काढले. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, सॉकरला जायची. ती किक तिने इतक्या वेळा बघितली की आमचा रिमोट चिकट झाला. व्हँडरबिल्ट त्या वर्षी एकही मॅच जिंकली नाही, पण आमच्या घरात त्या सीझनचं नाव निघतं ते तिच्यामुळेच.

भेळपुरी

हे भारी आहे. पण मूळ गोष्ट अर्धीच राहिली, पुढे काय झालं तुमच्या टीमचं?

स्कार्लेट_ग्रे

हो, सांगते.

आधी मिशिगन स्टेटची मॅच, ५ डिसेंबर. रायन डे घरी आयसोलेशनमध्ये, वीसेक खेळाडू बाहेर, पुढच्या फळीतले तीन नेहमीचे खेळाडू नाहीत. त्या दिवशी टीम सांभाळली लॅरी जॉन्सन यांनी, डिफेन्सिव्ह लाइनचे (बचावाच्या पुढच्या फळीचे) कोच, वय ६८. ओहायो स्टेटच्या मॅचला हेडकोच म्हणून उभे राहिलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ज्या कारणाने ती संधी आली ते वाईट, पण मॅच संपल्यावर मुलांनी त्यांना असं काही भिजवलंय, ते बघून मी रडले होते.

मग १९ डिसेंबर, इंडियानापोलिसला नॉर्थवेस्टर्नशी फायनल. परत २२ जण नाहीत, आमचा सगळ्यात भरवशाचा रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) क्रिस ओलावे नाही. पासिंग चालेना, फील्ड्सचा अंगठा दुखावला. तेव्हा ट्रे सर्मन नावाचा मुलगा, जो त्याच वर्षी ओक्लाहोमाहून आला होता, तो नुसता पळत सुटला. ३३१ यार्ड. एका मॅचमध्ये ओहायो स्टेटच्या इतिहासात एवढं कोणीच पळालं नव्हतं, एडी जॉर्जचा ३१४ चा रेकॉर्ड मोडला. २२-१०.

मग सेमीफायनल, परत क्लेमसन. ते तोवर ११ मॅच खेळलेले, आम्ही सहा. टीमांच्या क्रमवारीसाठी कोच मत देतात, त्यात त्यांच्या कोचने आम्हाला अकरावा नंबर दिला होता, कारण हेच, मॅच कमी. १ जानेवारी २०२१, न्यू ऑर्लिन्स. दुसऱ्या क्वार्टरमध्ये फील्ड्सच्या बरगडीत हेल्मेट बसलं, तो कळवळून आडवा पडला, मला वाटलं संपलं. एक डाव बाहेर बसला, परत आला आणि लगेच टचडाऊन (या खेळातला गोलच म्हणा) फेकला. एकूण सहा फेकले त्या रात्री. ४९-२८. आम्ही तिघी मिळून एवढ्या ओरडलो की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी मारली, आणि मग तेही ओरडले.

आणि ११ जानेवारीला अलाबामाकडून ५२-२४ हरलो. साफ हरलो. सर्मन पहिल्याच डावात खांदा दुखावून गेला, डिफेन्सिव्ह लाइनमधले दोघं आलेच नाहीत. तरी मी सांगते, पूर्ण टीम असती तरी ती अलाबामा फार मोठी होती, डेव्होन्टा स्मिथने अर्ध्या मॅचमध्ये १२ कॅच आणि तीन टचडाऊन केले, त्याच्यापुढे कोण काय करणार. त्यांची ती तेरावी मॅच, आमची आठवी.

म्हणून मला तो 'धरायचाच नाही' हा शब्द सहन होत नाही. त्या मुलांना आठ मॅचसाठी ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत रोज तयार राहावं लागलं, रोज सकाळी टेस्ट, रोज धाकधूक, सोमवारी तयारी करायची आणि शुक्रवारी रात्री मॅच नाही. बारा मॅच खेळणं याच्यापेक्षा सोपं असतं.

हिशेबनीस

माझं मत बदललं नाही, सीझन खेळवायला नको होता. पण हे शेवटचं वाक्य मान्य.

अॅन_आर्बरकर

एक जुनी गोष्ट सांगतो, आमच्याकडे लायब्ररीत वाचली होती. १९१८ ला पण साथ होती, फ्लू आणि वर महायुद्ध. सीझन असाच तुकड्या तुकड्यांत झाला. मिशिगन तेव्हा बरोब्बर पाच मॅच खेळली होती. पाचही जिंकल्या आणि ते वर्ष आमची युनिव्हर्सिटी आजही आपल्या अजिंक्यपदांत मोजते. त्यातली शेवटची ३० नोव्हेंबरला कोलंबसला, तुम्हाला १४-० ने हरवून. तिथपासून ही मॅच दर वर्षी झाली, दुसरं महायुद्ध असो काही असो, २०१९ पर्यंत एकदाही चुकली नाही. एका साथीत सलग सुरू झाली आणि दुसऱ्या साथीत तुटली.

तेव्हा पाच मॅचचा सीझन धरायचा नाही असं मी मिशिगनचा माणूस म्हणून तरी म्हणू शकत नाही.

स्कार्लेट_ग्रे

हे मला माहीत नव्हतं! पाचच!

मग तुम्हाला एक सांगते. आमची तिसरी रूममेट टोलेडोची होती, म्हणजे अगदी हद्दीवरची, तिच्या घरात मिशिगनचं नाव घेत नाहीत. मिशिगनच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचा प्रत्येक एम लाल टेपने खोडायची इथे पद्धत आहे, तुम्हाला माहीतच असेल. २०२० मध्ये कॅम्पसवर जायची सोय नाही म्हणून तिने सोमवारी रात्री घरातले सगळे एम खोडले. मायक्रोवेव्हवरचा, माझ्या मॅगीच्या पाकिटांवरचा, एमडीएचच्या छोले मसाल्याच्या डब्यावरचा पण. मंगळवारी दुपारी मॅच रद्द झाल्याची बातमी आली. टेप काढायला कोणाचाच हात गेला नाही. मे महिन्यात घर सोडेपर्यंत तो डबा तसाच होता, मी त्याच्यातूनच मसाला घालायचे.

अॅन_आर्बरकर

ती टेप बघून एरवी मला राग आला असता.

पुढच्या वर्षी २७ नोव्हेंबरला मी अॅन आर्बरला स्टेडियममध्ये होतो, बर्फ भुरभुरत होता, लाखाच्या वर माणूस. ४२-२७, २०११ नंतर पहिल्यांदा तुम्हाला हरवलं. सगळे मैदानात धावले. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते धावले नाहीत, खुर्चीवरच बसून राहिले, मी विचारलं बरं वाटतंय ना, तर म्हणाले मी वीस सालची वाट बघत होतो, आमची दोघांची तिकिटं असायची, आता मी एकटाच येतो.

स्कार्लेट_ग्रे

त्या दिवशी मी दिवसभर कोणाशी बोलले नव्हते, एवढं वाईट वाटलं होतं हरल्याचं. पण मॅच झाली. संध्याकाळी टोलेडोवालीचा फोन आला, दोघी मिळून तासभर रेफ्रींना नावं ठेवत होतो, आणि ठेवताना बरं वाटत होतं.